उघड्या पुस्तकाचा अधिकार

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर नेहमीची मंडळी जमली होती. बोलता बोलता एका स्नेह्यांनी विधान केले की, ख्रिस्ती लोकांचे बायबल आता कोर्टात शपथ घेण्यापुरते उरले आहे; त्यांच्याच पंडितांनी गेली दीडशे वर्षे त्याची चिरफाड केली, मग अधिकार राहिला कसला? हे त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितले, आणि इतरांनीही तितक्याच सहजपणे मान्य करून विषय नळाच्या पाण्यावर आणला. मीही गप्प बसलो. वाद घालण्याइतकी सामग्री त्या क्षणी जवळ नव्हती हे एक, आणि दुसरे असे की मला त्या वेळी आठवत होती ती एक पेन्सिल. पेन्सिलीच्या जोरावर वाद घालता येत नाही. त्यानंतर चार पुस्तके चाळली, तेव्हा आज जे सुचले ते मांडतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

ती पेन्सिल मास्तरांची. इंदुरात आमच्या वाड्यासमोर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते राहत. मूळचे नगर जिल्ह्याकडचे, शाळेत गणित शिकवीत. संध्याकाळी शाळेतून आले की चहा घेऊन ओट्यावर बसत, मांडीवर मराठी बायबल उघडे, नाकावर चष्मा आणि कानावर पेन्सिल. मधूनच ती कानावरून काढून पानावर रेघ ओढीत, समासात काहीतरी बारीक लिहीत. आमच्या घरात पोथी म्हणजे गुरुचरित्र. ते तांबड्या कापडात बांधलेले, देवघराच्या वरच्या फळीवर. सप्ताहापुरते सोवळ्याने खाली यायचे. आजी ते ऐके, पण हातात कधी घेत नसे. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा आमच्याकडचा दंडक. अशा घरातल्या मुलाला पोथीवर पेन्सिल चालवणारा माणूस पाहून काय वाटेल ते सांगायला नको.

एकदा धीर करून विचारले, "मास्तर, पोथीवर रेघा ओढल्या तर पाप नाही का लागत?"

मास्तर हसले. म्हणाले, "अरे, परवा रविवारी पाळकसाहेब उपदेशात काहीतरी बोलले. ते ह्यात आहे की नाही, ते बघतो आहे."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर पुढच्या रविवारी त्यांना विचारीन."

मी हे आजीला सांगितले. ती वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांच्यात चालत असेल बाबा. आपल्यात गुरुजींना विचारायचं असतं, तपासायचं नसतं."

आजीने आणि मास्तरांनी मिळून हा सगळा विषय मला त्या एका संध्याकाळी समजावला होता, असे आता वाटते. नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावच्या लोकांची गोष्ट येते. पौल तेथे उपदेशाला गेला, तेव्हा त्या लोकांनी त्याचे बोलणे उत्सुकतेने ऐकून घेतले आणि मग तो म्हणतो ते खरे की काय हे पाहण्यासाठी ते रोज शास्त्र उलगडून बसले. ह्याबद्दल त्या पुस्तकात त्यांची स्तुती केली आहे. नीट पाहा, उपदेशक साक्षात पौल, आणि त्याचीही तपासणी! मास्तर त्या बिरुयाकरांचेच वंशज म्हणायचे.

ख्रिस्ती धर्मात शास्त्राचा अधिकार म्हणतात तो काय, हे ह्या गोष्टीवरून समजून घ्यावे असे माझे म्हणणे आहे. आपण अधिकार म्हटले की मान तुकवणे समजतो. तेही त्यात आहेच. परंतु ज्या पुस्तकापुढे सर्वांनी मान तुकवायची, त्या पुस्तकापुढे धर्मगुरूनेही तुकवायची. आणि पुस्तक जर सर्वांच्या भाषेत, सर्वांच्या हातात असेल, तर गुरूची मान तुकली की नाही हे शेवटच्या बाकावरचा माणूसही सांगू शकतो. हा अधिकार अशा रीतीने दुधारी आहे. तो टिकला आहे तो ह्या दुसऱ्या धारेमुळे, असे मला वाटते. आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण शोधण्यासाठी मला विलायतेला जावे लागत नाही. म्हणजे जावे लागते, पण एका मराठी बाईच्या मागोमाग.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या घरांतून ठाऊक आहे, निदान तोंडओळखीपुरते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकायला होते. हे शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत ऐकून अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले की आपणही पत्नीला शिकवायचे. पुढे त्यांनी ते केले, त्यापायी पंडितांच्या सभेसमोर उभे राहावे लागले, आणि शास्त्रांतूनच वचने काढून त्यांनी आपली बाजू मांडली. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना आईने भागवत मुखोद्गत करविले. पण एक कुंपण ह्या धाडसी बापानेही ओलांडले नाही: वेद मुलीला शिकवले नाहीत. १८७८ साली कलकत्त्याला केशवचंद्र सेनांनी वेदाची एक प्रत हातात ठेवून वाचा म्हणून सांगितले, तोवर ज्या पोरीला पंडितांनी 'सरस्वती' म्हटले होते तिने वेदाचे पान उघडले नव्हते.

त्याच कलकत्त्यातली दुसरी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तेथल्या ख्रिस्ती मंडळींनी ह्या संस्कृत पंडितेला मोठ्या सन्मानाने संस्कृत बायबल भेट दिले. रमाबाईंनी ते चाळले आणि बाजूला ठेवले. त्याची भाषा संस्कृत वाङ्मयाच्या वळणाची नव्हती, विषय परका होता, वाचण्यात वेळ वाया जातो असे त्यांना वाटले, आणि हे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. देववाणीत घातलेले बायबल एका संस्कृतज्ञ बाईला धरू शकले नाही! पुढे लग्नानंतर आसामात सिलचरला नवऱ्याच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली, तिने मात्र धरले. साध्या गद्यातली, कोणत्याही मंत्राचे वलय नसलेली पुस्तिका. ज्या शास्त्राचे सामर्थ्य उच्चारात असते त्याचे भाषांतर केले की ते संपते. हे शास्त्र भाषांतरातच जिवंत होते. ह्याचे कारणही साधे आहे: येशू बोलत असे अरामी भाषेत आणि शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीक भाषेत. म्हणजे त्याचे शब्द ख्रिस्ती जगाला मुळातच भाषांतरित मिळाले.

१८८३ साली विधवा रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात उतरल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात काय हलकल्लोळ झाला ते सर्वश्रुत आहे. कमी लोकांना ठाऊक असते ती पुढची गोष्ट. बाप्तिस्मा देणाऱ्यांना वाटले होते की आता पंडिता आपली झाली. आणि पंडिता तर बायबल हातात घेऊन त्यांनाच प्रश्न विचारू लागली! मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. इंग्रजीत आहे, पण ज्याला वाचता येईल त्याने जरूर वाचावा. इतकी झणझणीत पत्रे आपल्याकडच्या फार थोड्या बायकांनी, आणि पुरुषांनीही, लिहिली असतील.

प्रश्न काय होते? इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात अथनेशियसच्या नावाने चालणारा एक मतांगीकार आहे. त्यात देवाच्या त्रैक्याचे स्वरूप तर्कशुद्ध सूत्रांत बांधले आहे आणि जो हे मानणार नाही त्याचा नाश ठरलेला, असेही बजावले आहे. रमाबाई म्हणाल्या, हे मी म्हणणार नाही. हे मला शास्त्रात दिसत नाही. सिस्टरने त्यांना गर्विष्ठ ठरवले. शिष्येने नम्र असावे, चर्चने ठरवले ते स्वीकारावे. त्यावर रमाबाईंचे उत्तर, सारांशाने सांगायचे तर, असे होते की मी मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून आले आहे. आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे म्हणणे हीच देवाची आज्ञा मानून तीच मान पुन्हा जोखडात घालणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, ह्यावरही वाद झाला. लॅटिन तर मला समजत नाही, आणि आमच्या संस्कृतापेक्षा त्या भाषेत अधिक पावित्र्य ते कोणते, असा त्यांचा रोख होता. मुंबई आणि लाहोर येथल्या बिशपांनी तर कळवले की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, त्याने हिंदुस्थानात त्यांची प्रतिष्ठा जाईल. भर सभांतून पुराण सांगत देशभर हिंडलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे गमतीचा कळसच होता. त्यांनी ते मानले नाही.

सिस्टर जेराल्डीन ह्यांच्यावर अन्याय करू नये. त्यांनी रमाबाईंवर आणि लहानग्या मनोरमेवर जीव लावला होता, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. प्रत्येक जण आपापल्या बुद्धीने पुस्तक वाचू लागला तर जितकी डोकी तितके धर्म होतील, हे त्यांचे भय. प्रॉटेस्टंट पंथांची संख्या पाहिली की हे भय खोटे म्हणवत नाही. शिवाय पुस्तक ठरवले कोणी? नव्या करारात सत्तावीसच ग्रंथ का? ते नेमके सत्तावीस ग्रंथ मोजून सांगणारी सर्वांत जुनी यादी आपल्या हाती आहे ती इ. स. ३६७ मधल्या ईस्टरच्या पत्रातली, आणि ते पत्र लिहिणारा अलेक्झांड्रियाचा बिशप म्हणजे हाच अथनेशियस! (मतांगीकार मात्र त्याचा नव्हे, तो पुढच्या काळात कोणी लॅटिनमध्ये रचून त्याच्या नावावर घातला.) म्हणजे ज्याच्या नावाचे सूत्र रमाबाईंनी परत केले, त्याचीच यादी त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चर्चने पुस्तक दिले की पुस्तकाने चर्च घडवले, हा वाद कोंबडी-अंड्याचा आहे आणि तो माझ्याच्याने सुटणार नाही. मला दिसते ते एवढेच की, दिलेली वस्तू देणाऱ्याच्या हातात राहिली नाही.

दुसऱ्या बाजूचेही उदाहरण मराठीतच आहे, आणि तेही मोठे रसाळ. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली राचोलला त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद आपला ओवीचा, आणि विस्तार जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा. त्याने बायबलचे भाषांतर केले नाही, पुराण रचले. ह्यामागे रसिकता होतीच, पण काळाचा कायदाही होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली शास्त्र आणि परंपरा ह्यांना सारख्याच आदराचे स्थान देऊन लॅटिन बायबल प्रमाण ठरवले होते, आणि १५६४ च्या नियमांप्रमाणे लोकभाषेतले बायबल वाचायला अधिकाऱ्यांची परवानगी लागे. तेव्हा लोकांच्या हाती द्यायचे ते शास्त्राचे सार, गुरूने गाळून, गोड करून दिलेले. देवळात ते वाचले जाई आणि लोक ऐकत. आमची आजी तेथे असती तर तिला काहीच परके वाटले नसते! स्टीफन्सच्या मराठीवर मी लुब्ध आहे. तरीही ऐकणाऱ्याला त्या ओव्यांतून फादरला प्रश्न विचारता येत नसे, हे खरेच. रोमच्या चर्चनेही पुढे दार उघडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नोव्हेंबरात जो ठराव केला त्यात शास्त्र सर्व श्रद्धावंतांना मोकळेपणी मिळावे असे स्पष्ट म्हटले आहे. ट्रेंटपासून मोजले तर चारशे एकोणीस वर्षे लागली.

रमाबाईंकडे परत येतो. १८८९ च्या मार्चात मुंबईला शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवांना शिकवायचे, धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी बायबल वाचीत, प्रार्थना करीत. दार लावीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली रणकंदन झाले, वर्तमानपत्रे तुटून पडली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांसारख्या सहानुभूतीच्या माणसांनीही सल्लागार मंडळ सोडले. त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी होती. कोवळ्या मुली आणि आईच्या जागी असलेली बाई, तिथे उघडे दार हेही आमंत्रणच असते. पण दार लावा, असे सुचवले गेले तेव्हा रमाबाईंनी ते ऐकले नाही. माझ्या घरात माझे पुस्तक मी चोरून वाचणार नाही, हा त्यांचा पवित्रा. इंग्लंडात बिशपांपुढे ज्या पुस्तकाच्या बळावर उभ्या राहिल्या, त्याच पुस्तकाच्या बळावर पुण्यात सुधारकांपुढे. संस्था बुडाली तरी चालेल, एवढे बळ.

आणि मग भाषांतर. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो बायका-मुली होत्या. त्या काळी चालू असलेले मराठी बायबल त्यांच्या कानांवरून जाई. ते फार संस्कृतप्रचुर आहे आणि त्यातले कित्येक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ पोटात घेऊन येतात, असा रमाबाईंचा आक्षेप होता. वास्तविक मराठी बायबल तेव्हा चांगले शंभर वर्षांचे झाले होते. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली छापले, नवा करार १८११ साली, तोही मोडीत. आपल्या घरांतल्या सनदा-कागद ज्या मोडीत आहेत त्याच मोडीत. पुढे १८४७ साली मुंबईत संपूर्ण बायबल मराठीत झाले. इतके असूनही पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या, आपल्या मुलींना बसवले, आणि मुळावरून नवे भाषांतर आरंभले. जुळाऱ्याचे काम बायकांनी केले, छापखाना बायकांनी चालवला. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर तोवर हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. सबंध बायबल मुळावरून एका स्त्रीने आपल्या भाषेत आणल्याची उदाहरणे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

आता ह्या भाषांतराविषयी माझे मत, जे काहींना रुचणार नाही. संस्कृतात हयात घालवलेल्या बाईने संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढले, ह्याचे मला प्रथम वाईट वाटले. त्यामुळे भाषा जागोजाग अडखळते, लय तुटते. सर्वसाधारण देवळांतून ते चालले नाही, बायबल सोसायटीचेच चालू राहिले, ह्याचे नवल नाही. त्यांच्या शेजारी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना उभे करा. टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले असता आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते खिळले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले. परंतु ते आले ते तुकारामाच्या पुलावरून, असे ते स्वतः सांगत. आपले संत हाच आमचा पहिला जुना करार, ही त्यांची दृष्टी. काव्य म्हणून टिळक जिंकतात ह्यात शंका नाही. 'स्मृतिचित्रे' वाचणारे आपण सर्व मनाने टिळकांच्याच घरचे.

पण प्रश्न अधिकाराचा आहे. जे शास्त्र आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या गोड गोष्टीच आपल्या गोड शब्दांत सांगते, ते आपल्याला आज्ञा कशी करणार? रमाबाईंना ते पुस्तक परकेच राहायला हवे होते, कानाला थोडे खडबडीत, म्हणजे वाचणाऱ्याला 'हे तर आमच्यातही आहे' म्हणून मान डोलावता येणार नाही. ह्या एका मुद्द्यावर मी रमाबाईंच्या बाजूने आहे, जरी रात्री झोपताना वाचायला टिळकच घेईन.

एक शल्य मात्र राहते. ज्या रमाबाई १८८५ साली प्रत्येक सूत्राला 'कशावरून?' विचारीत होत्या, त्या उत्तरायुष्यात पुस्तकातल्या अक्षर न् अक्षरावर विसंबल्या. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या पुस्तकाला त्यांनी प्रश्न विचारणे थांबवले. हे मला पचत नाही. जोतीराव फुल्यांनी 'सत्सारा'त रमाबाईंची बाजू घेतली होती. पण त्याच जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'चा, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघाले, निष्कर्ष असा की कोणताच धर्मग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत सत्य नाही. रमाबाई आणि जोतीराव समोरासमोर बसून ह्यावर बोलले असते तर ते ऐकायला मी केडगावापर्यंत पायी गेलो असतो.

आता वाचनालयातल्या स्नेह्यांच्या चिरफाडीविषयी. चिरफाड झाली, हे खरे. मोशेची म्हणून समजली जाणारी पाच पुस्तके निरनिराळ्या काळच्या निरनिराळ्या हातांची आहेत, हे १८७८ साली वेलहाउझेनने मांडले, आणि ते पाद्री घडवणाऱ्या विद्यालयांतूनच शिकवले जाऊ लागले. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवटचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही; व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची ती प्रसिद्ध गोष्टही नाही. पण हे मला कळले कोठून? बायबलच्याच पानावरून. आजच्या बहुतेक आवृत्तींत तेथे कंस घालून तळाशी तसे छापलेले असते. आपल्या शास्त्राच्या पानावर स्वतःच अशी टीप छापणारे लोक त्याला सोडून बसले आहेत असे मला म्हणवत नाही. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठच्या गुहांतून यशयाची जी गुंडाळी निघाली, ती तोवरच्या हिब्रू प्रतींपेक्षा हजार वर्षांनी जुनी, आणि मजकूर किरकोळ फरक सोडता तोच. हाही चिरफाडीचाच एक निकाल.

आणि ज्या जर्मनीत ही चिरफाड सर्वांत कसून झाली, तिथेच पुढे काय घडले? १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडामंदिरातल्या प्रचंड सभेत हिटलरच्या बाजूच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी मागणी केली की जुना करार यहुद्यांचा, तो चर्चमधून काढून टाका. सत्ता, पैसा, पोलीस सर्व त्यांच्या बाजूला. पुढच्या मे महिन्यात बार्मेन गावी जमलेल्या पाळकांनी आणि सामान्य सभासदांनी एक निवेदन केले. त्याचा मुख्य लेखक कार्ल बार्थ हा त्या चिरफाडीच्या विद्येतच तयार झालेला. निवेदनाचा पहिलाच मुद्दा असा की शास्त्रात ज्याची साक्ष आहे त्या ख्रिस्तावाचून दुसऱ्या कोणाचा शब्द, कोणत्याही पुढाऱ्याचा, चर्च देवाचा शब्द म्हणून मानणार नाही. सर्व चर्च त्यांच्या मागे उभे राहिले नाही, यहुद्यांचा त्यात उल्लेखही आला नाही, ही उणीव बार्थनेच पुढे मान्य केली. पण शपथेपुरत्या उरलेल्या पुस्तकावर कोणी एवढे करीत नाही.

उलटही घडते. दक्षिण आफ्रिकेतल्या डच चर्चने बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीवरून वर्णभेदाला आधार काढला होता, तोही ह्याच पुस्तकातून. १९८२ साली जगातल्या त्यांच्याच पंथाच्या मंडळ्यांनी ओटावाला जमून ते पाखंड ठरवले. त्यासाठीही उघडले ते हेच पुस्तक. दोन्ही पक्षांना एकाच न्यायासनापुढे यावे लागते. निकाल लागायला पिढ्या जातात आणि तोवर माणसे भरडली जातात, ही त्याची किंमत आहे; ती लहान नाही, आणि ती देणारे बहुधा पुस्तक वाचणारे नसतात.

मास्तर वारून बरीच वर्षे झाली. गेल्या दिवाळीत त्यांच्या कन्येची गाठ पडली. त्याही शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर रविवारी त्यांच्या मंडळीत शास्त्राचा वर्ग घेतात, आणि वर्गात पुरुषही बसतात. मी पेन्सिलीची आठवण काढली तेव्हा आत जाऊन त्यांनी ते जुने बायबल आणले. पुठ्ठा सुटला आहे, सुतळीने बांधले आहे. त्यांनी करिंथकरांस पहिले पत्र, चौदावा अध्याय उघडून दाखवला. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे पौल म्हणतो तो हा भाग. समासात मास्तरांच्या हातचे एक बारीक प्रश्नचिन्ह होते, आणि त्याखाली त्याच हाताने लिहिलेले एवढेच: "पाळकसाहेबांना विचारले. समाधान नाही. पुन्हा वाचणे."

"काकांनी कधी खोडलं नाही ते चिन्ह," बाई म्हणाल्या. वडिलांना त्या काका म्हणत. "आणि ती ओळही खोडली नाही."